गुलाबी पट्ट्याचं घड्याळ

५ सप्टेंबर
सलग दिवस ९४१. आठ किलोमीटर. उजवी नडगी ठणकते आहे. तिला म्हटलं, गप बस.

७ सप्टेंबर
नडगी ऐकत नाही. आज मैदानावर क्लासमधल्या वकीलसाहेबांना झापलं – दुखणं आणि इजा यातला फरक कळत नाही का तुम्हाला, इजा झाली की थांबायचं! हे सांगताना मी स्वतः लंगडत होते. सगळे पुढे आणि मी मागे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रशिक्षकाने शेवटी धावण्याचे असेही फायदे असतात.

८ सप्टेंबर
हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर आहे म्हणे.
"सहा आठवडे धावणं बंद."
"अगदी हळू धावले तर?"
"अगदी हळूसुद्धा बंद."
मग खाता किती, झोपता किती, सुट्टी कधी घेता, अशी उलटतपासणी. मी खरं सांगितलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, तुमच्या क्लासमधल्या एखादीने हीच उत्तरं दिली असती तर? तर मी तिला मैदानावरून हाकललं असतं. पण हे त्यांना कशाला सांगू!

अडचण पायाची नाहीच, अडचण फलकाची आहे. मैदानाच्या फाटकावर मीच लावलेला – "एकही दिवस न चुकवणाऱ्या प्रशिक्षकाकडून शिका." माझा आकडा धावण्याच्या ॲपवरून क्लासमधल्या बावीसही जणांच्या फोनवर रोज झळकतो. तीन नोव्हेंबरला हजार पूर्ण होणार, सोळाला शर्यत – बेचाळीस किलोमीटर, बावीसही जणांची पहिलीच. आता आकडा तुटला तर अर्धे लोक पलीकडच्या चौकातल्या नव्या जिममध्ये जातील. तिथे पंखा आहे.

९ सप्टेंबर
उपाय सापडला. घरातच होता, चहा पीत.

माझे सासरे. बाबा. चौतीस वर्षं घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपले. निवृत्तीला तेरा वर्षं झाली, पण रोज आठ वाजता जुन्या गल्ल्यांमधून फेरी असतेच. नुसती फेरी नव्हे – खिशातल्या वहीत तारीख, घर, आकडा, शेरा. कोणी मागत नाही, कोणी बघत नाही. शेऱ्यात "कुत्रा मोकळा" वगैरे.

ॲपला दोन किलोमीटर लागतात. पळालात की रांगलात, ते विचारत नाही. दोन भरले की घड्याळावर "दिवस अमुक, शाबास" असं येतं. मी माझं घड्याळ बाबांच्या मनगटावर बांधलं आणि म्हटलं, हे घालून चालत जा, तब्येतीला चांगलं असतं. बाबांनी गुलाबी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग बाही खाली ओढली.
"तू म्हणतेस तर घालतो."

९४५! नकाशा लपवला. कॅप्शन लिहिलं – आज मुद्दाम संथ. लाज वाटली, पण आंघोळीत गेली.

१० सप्टेंबर
नवऱ्याला सांगावं लागलं. हसून हसून त्याला ठसका लागला. चष्म्यांच्या दुकानात दिवसभर लोकांना "हे की हे, कोणतं स्पष्ट दिसतं" विचारतो, तोच स्वर मला लावला – "पळणारी तू, की पळणारे बाबा?" जेवायला वाढलं नाही त्याला. त्यानेच घेतलं.

१६ सप्टेंबर
बाबांचा वेग त्यांच्या वयाच्या मानाने झकास आहे. मी माझ्या वयाच्या मानाने वाईट दिसते आहे.

वकीलसाहेबांनी आलेख बारकाईने पाहिलाय. "मॅडम, तुम्ही चार मिनिटं चालता आणि मग बरोबर चाळीस सेकंद थांबता. यामागे काय शास्त्र?"
यामागे मीटर आहे. पण मी म्हटलं, शरीराला ऐकायला वेळ द्यावा लागतो. कुठून सुचलं देव जाणे. त्यांनी लिहून घेतलं.

२१ सप्टेंबर
सगळे थांबायला लागलेत. बावीस माणसं चार मिनिटं पळतात आणि चाळीस सेकंद खांबासारखी उभी राहतात. रस्त्यावरची एक बाई विचारत होती, कोणी गेलं का.

३० सप्टेंबर
९६६. आज गंमत झाली. म्हणजे गंमत नाही. महिन्याची चाचणी घेतली तर एकूण एक जण सुधारलाय! बेकरीवाली गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच गुडघा न धरता घरी गेली. वकीलसाहेबांना झोप लागते म्हणे.

म्हणजे इतके दिवस मी यांना नुसतं पिळत होते. नवं शास्त्र बाबांच्या मीटरमधून आलं. हे पचायला जड आहे. आज दोन वेळा पोटभर जेवले आणि दुपारी झोपले. सातवीनंतर प्रथमच.

१२ ऑक्टोबर
बाबांचे थांबे लांबलेत. काल एक तर सव्वादोन मिनिटांचा होता. विचारलं, कोणाशी गप्पा मारत होतात? "मारतो कधीमधी." मी म्हटलं, सरासरी बिघडते हो बाबा. म्हणजे, तब्येतीची सरासरी. ते म्हणाले, बघतो.

वर्गात आता सव्वादोन मिनिटांचा थांबा सुरू झालाय.

२० ऑक्टोबर
हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. भरत आलेली चीर परत उघडली आहे. "धावलात?" नाही म्हटलं. "मैदानावर?" एक फेरी, वळण कसं घ्यायचं ते दाखवायला. "एकच?" तीन. दर आठवड्याला तीन.

आणखी चार आठवडे. म्हणजे सोळा नोव्हेंबर गेली. रिक्षात बसून रडले. रिक्षावाल्याने रेडिओ बंद केला, त्यामुळे रडणं जास्तच ऐकू यायला लागलं. मग मीच त्याला म्हटलं, लावा हो परत.

आता हजार तरी झालेच पाहिजेत. शर्यत गेली, आकडा जाऊ देणार नाही.

२३ ऑक्टोबर
९८९. बेकरीवालीने तीन तारखेच्या केकची तयारी सुरू केली आहे. बाबा आज उशिरा आले, चहा अर्धा टाकला. म्हटलं, बरं नाही का? उद्या नाही गेलात तरी चालेल. तोंडाने म्हटलं. मनात आकडे मोजत होते. तेही पटकन म्हणाले, छे, मला काय झालंय, जातो की. मला हायसं वाटलं. हे मी इथे लिहून ठेवते आहे, कारण दुसरीकडे कुठे कबूल करणार.

२७ ऑक्टोबर
सकाळी सव्वाआठला क्लासमधल्या नर्सचा फोन आला. ती हृदयाच्या वॉर्डात काम करते, रात्रपाळी करून पळायला येते.
"मॅडम, कालचा तुमचा आलेख आत्ता नीट पाहिला. थांबल्यावर ठोके खाली यायला हवेत. तुमचे आधी एकदम पडतात आणि मग उभ्या उभ्या एकशे साठवर उडतात. तीन वेळा झालंय. मी घाबरवत नाहीये, पण तुम्ही आत्ता बसून घ्या."
मी हसले. म्हटलं, अगं माझं हृदय ठणठणीत आहे.
आणि मग आठवलं, घड्याळ कोणाच्या मनगटावर आहे.

बाबा आठला निघाले होते. मी चप्पल न घालता पळाले. सात आठवड्यांनी रस्त्यावर, फुटक्या नडगीने, आणि खरं सांगते, नडगी आहे हेच आठवलं नाही. तिसऱ्या गल्लीत एका घराच्या पायरीवर बसले होते. चेहरा पांढरा, वही मांडीवर. मी मनगटावरून घड्याळ काढायला लागले तर हात मागे घेतात.
"अगं, सहाशे मीटर राहिलेत."
चुलीत गेले म्हटलं तुमचे मीटर, चला. रिक्षात त्यांचा हात धरून बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घड्याळावर १.४ किलोमीटर. दिवस मोजला गेला नाही.

२८ ऑक्टोबर
ठोके मध्येच थांबतात आणि मग भरपाई केल्यासारखे धावत सुटतात. उद्या छातीत एक छोटं यंत्र बसवणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडे दिवस गेले असते तर कुठल्या तरी पायरीवरून उठलेच नसते. त्यांनी आलेख मागितले. वर माझं नाव, माझं वय.
"हे सात आठवड्यांचे आकडे कोणाचे?"
"यांचे," मी म्हटलं. पन्नास दिवसांत घड्याळाबद्दल घराबाहेर पहिल्यांदा खरं बोलले, तेही विचारल्यावर.

"चक्कर कधीपासून येते, आजोबा?"
"चक्कर कसली," बाबा म्हणाले, इतक्या शांतपणे की मीही विश्वास ठेवला असता.

३० ऑक्टोबर
यंत्र बसलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न – याचे आकडे कुठे दिसतात? नवरा हसता हसता डोळे पुसत होता. माझ्याशी अजून नीट बोलत नाही. बरोबर आहे त्याचं.

१ नोव्हेंबर
मैदानावर बावीसही जणांना उभं केलं आणि सगळं सांगितलं. चीर, घड्याळ, मीटर, चाळीस सेकंद. मी म्हटलं, ज्यांना जायचंय त्यांनी जा, जिममध्ये पंखा आहे.

मग बेकरीवाली म्हणाली, "मला ठाऊक होतं. महिनाभर गुलाबी पट्ट्याचं घड्याळ घालून पाव न्यायला येतात ते."
"मग बोलली का नाहीस?"
"माझा गुडघा बरा होत होता ना."
वकीलसाहेबांनी गंभीरपणे विचारलं की थांबे चालू ठेवायचे का. तीन जण गेले. एकोणीस राहिले. फलक मीच काढला. पाना सापडेना, म्हणून लोंबकळून.

३ नोव्हेंबर
हजारावा दिवस असता. केकवर बेकरीवालीने आकडा आधीच घातला होता. एक खरवडून काढला, शून्यं तशीच ठेवली. तीन शून्यं. चव उत्तम. बाबांसाठी एक तुकडा नेला, तर म्हणाले, माझ्यामुळे राहिलं तुझं. मी म्हटलं, काय राहिलं? त्यांनी डोळे मिटून घेतले. औषधाची गुंगी असेल.

१६ नोव्हेंबर
एकोणिसातले अठरा जण पोचले! मी पस्तिसाव्या किलोमीटरला पाणी घेऊन उभी. घसा बसलाय. बेकरीवाली मला बघून नाचली आणि त्यात तिची चार मिनिटं गेली. वकीलसाहेब माझ्यासमोर येऊन थांबले, चाळीस सेकंद, डोळे मिटून. मग गेले.

एकोणिसावी नर्स. तिसाव्या किलोमीटरला पोटरी धरली, थांबली, रिक्षाने माझ्याशेजारी येऊन पाणी वाटायला लागली. मला तिचाच सगळ्यात अभिमान वाटला.

१७ नोव्हेंबर
बाबांनी चष्मा आणायला सांगितला, कोटाच्या खिशातून. चष्म्याबरोबर वही निघाली. चाळली. मीटरचे आकडे, कुत्रे, बंद दारं. आणि रोजच्या पानाच्या तळाशी एक वेगळी ओळ, घराच्या रकान्यात "सूनबाई". चौतीस वर्षं आकडे वाचलेल्या माणसाच्या मनगटावर मी आकडा बांधला होता आणि मला वाटत होतं, त्यांना काही कळत नाही.

९ सप्टें. – सूनबाई – ९४५ – शेरा: तब्येतीसाठी म्हणाली. आकडा तिचा आहे. पाय दुखतो तिचा.
११ ऑक्टो. – सूनबाई – ९७७ – शेरा: चक्कर. पायरीवर बसलो.
२३ ऑक्टो. – सूनबाई – ९८९ – शेरा: दोनदा बसलो. अकरा राहिले.
२६ ऑक्टो. – सूनबाई – ९९२ – शेरा: तीनदा. आठ राहिले. जमेल.