ट्रकला दिलेली तारली

आये, काल हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात तुझी जोडीदारीण भेटली. वरच्या गावांत मासे विकायला तू जिच्यासोबत जायचीस, तीच. आता पार वाकली आहे, पण डोक्यावरची पाटी सुटलेली नाही. म्हणाली, "एक पाटी तारली दे रे. वरच्या वाडीतली सून पोटुशी हाय. अंगात रक्त नाय म्हणून डॉक्टरनं मासळी खायला सांगितलीन." मी म्हणालो, "मावशी, अख्खी होडी ट्रकला दिलीय. एक मासा शिल्लक नाय."

तू गेलीस तेव्हा मी जाळी दुरुस्त करायचो. आता ट्रकवाल्यांसाठी मासे घेतो. तारली, मांदेली, बोटाएवढी पिल्लं, जे येईल ते. कारखान्यात त्यांची भुकटी होते आणि ती तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला घालतात, कारण शहरातल्या हॉटेलांना बारा महिने कोळंबी लागते. माशांच्या तेलाच्या गोळ्या बनतात. माझी मुलगी पुण्याहून त्या पाठवते, हृदयाला चांगल्या म्हणून. मी रोज एक घेतो. होड्या मात्र दरवर्षी आणखी लांब जातात आणि कमी घेऊन परततात. पिल्लंच उचलली तर दुसरं काय होणार? कळतं मला, आये. तरी सकाळी ट्रकची वाट बघतो.

मला ती चढण आठवते. मी लहान आहे, तुझ्यामागून पाय ओढत चाललोय. वाटेत एक खानावळवाला सगळी पाटीच मागतो. मी तुझा पदर ओढतो, "देऊन टाक ना, घरी जाऊ." तू गर्रकन वळतेस. "गप! वरच्या बाया तवा तापवून बसल्या असतील. त्यांच्या पोरांना काय तुझं तोंड भाजून घालू?" मग ऊन डोक्यावर घेऊन आपण वाडीत पोचतो. बाया सुपातून तांदूळ आणतात, तू तारली मोजतेस, आणि अंगावर पिणारं पोर असलेल्या बाईच्या टोपात न मागता आणखी मूठभर टाकतेस. परतताना पाटीत तांदूळ असतात आणि तू कसलंसं गाणं गुणगुणत असतेस.

मावशी काल भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "तिकडं आता ब्रॉयलर नायतर पुड्यातल्या शेवया," एवढंच बोलली. "पोरं तेच खातात, नि रिकामे पुडे पऱ्याच्या पाण्यात टाकतात." मग रिकामी पाटी डोक्यावर ठेवून एसटीच्या थांब्याकडे निघाली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि ट्रकवाल्याने मला बोलावलं.

हा कागद तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहायला धजतोय. शिल्लक नाही हे खोटं होतं. माझ्या स्कूटरच्या डिकीत पिशवीभर तारली होती, त्याच होडीतली, घरासाठी काढून ठेवलेली. बायकोने तिचं झणझणीत तिखलं केलं. मी दोनदा वाढून घेतलं.