अब्बांच्या फोटोमागचा डोंगर

मी, अहमद यूसुफ सरगुरोह, वय वर्षे सदुसष्ट, मूळ राहणार पेठमोहल्ला, दाभोळ खाडी, जिल्हा रत्नागिरी, आणि गेली सत्तेचाळीस वर्षे पोटापाण्यासाठी शारजा येथे राहणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, साखर वरखाली होते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी मला हे लिहायला सांगितलेले नाही. मुलगा रुहान तर गेली दोन वर्षे विषय काढला की उठून बाल्कनीत जातो.

यापूर्वी, सन २०११ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यातले सहावे कलम रागाच्या भरात लिहिले होते, आणि तो राग अर्ध्या माहितीवर उभा होता.

१. माझी पत्नी २०१६ साली अल्लाघरी गेली. रुहान हा एकुलता मुलगा व वारस. शरियतप्रमाणे जे त्याचे आहे ते त्याचेच, त्यात माझी लेखणी चालत नाही. मुलगा हयात असता नातीला वारसा पोचत नाही, म्हणून नात झारा हिला जे द्यायचे ते एक तृतीयांशाच्या मर्यादेत मी वेगळे लिहून देत आहे.

२. माझे ड्रॉइंगचे टेबल, शाईच्या पेनांचा संच, जर्मन भिंग, ट्रेसिंग पेपरच्या उरलेल्या गुंडाळ्या आणि निळ्या फायली झाराला द्याव्यात. मी आयुष्यभर ट्रेसर होतो. आधी शारजातल्या एका सर्व्हे कंपनीत, शेवटची अकरा वर्षे हमरिया फ्री झोनमध्ये. इंजिनिअर नकाशा काढायचा, मी त्यावर पारदर्शक कागद ठेवून रेघ गिरवायचो. पुढे कॉम्प्युटर आला आणि माझे काम खलास झाले, पण हात तसाच राहिला.

फायलींमध्ये लोकांनी आणून दिलेल्या जुन्या फोटोंच्या नकला आहेत. फोटोतली जागा शोधून द्या म्हणून तीन वर्षांत तेवीस जण आले. मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहणारा गवंडी प्रकाश वडिलांचा १९७६ सालचा फोटो घेऊन आला होता, मागे नुसती एक गॅलरी आणि तिची जाळी. तसल्या जाळीची एकच इमारत दुबईच्या देरा भागात उरली आहे. तिथे उभा राहून प्रकाशने भिंतीला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. झाराने हे काम पुढे चालवावे अशी माझी इच्छा आहे, सक्ती नाही. कोणाकडून पैसे घेऊ नयेत. आणि फोटोतल्या माणसाचा खिसा आधी बघावा. का, ते पुढे येते.

३. अब्बांचा मूळ फोटो.

हा तळहाताएवढा काळापांढरा फोटो माझ्या कपाटात, अम्मीच्या कुराणाच्या रुमालात आहे. त्याची व्यवस्था सांगण्याआधी तो काय आहे हे लिहून ठेवणे भाग आहे, कारण मी गेल्यावर हे पूर्ण सांगणारे कोणी राहणार नाही.

माझे वडील यूसुफ सरगुरोह आणि त्यांचे चुलतभाऊ हमदुल्ला हे १९६६च्या पावसाळ्यानंतर लाँचमध्ये बसून गावातून निघाले. अब्बा एकोणतीस वर्षांचे, हमदुल्लाचाचा एकोणीसचे, मी आठ. कागदपत्र कोणाकडेच नव्हते. त्या काळी लाँचवाले किनारा दिसू लागला की माणसांना पाण्यात उतरवत आणि परत फिरत. पुढच्या एप्रिलमध्ये एका खलाशाने मुंबईहून पाकीट टाकले. त्यात हा फोटो. अब्बा वाळूत उभे आहेत, मागे झावळ्यांची झोपडी, विहिरीचे रहाट, उजव्या हाताला समुद्र आणि त्या सगळ्यामागे डोंगराची रांग: एक सुळका, मग खाच, मग उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. मागल्या बाजूला अब्बांच्या अक्षरात चार शब्द आहेत: इथे पाणी गोड आहे. त्यानंतर काहीच आले नाही.

हमदुल्लाचाचा १९६९ला दुबईहून परतले आणि जमातीच्या बैठकीत म्हणाले की यूसुफने तिकडे दुसरे घर केले आहे, त्याची वाट बघू नका. माझी अम्मी, मैमुनाबी, त्या दिवशी खाडीवर शिंपल्या काढायला गेली होती. तिला हे वाटेतच कोणीतरी सांगितले. तिने शेवटपर्यंत हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत, आणि लग्नाघरी हळदीला तिला कोणी बोलावलेही नाही. फोटो ती क्वचित काढायची. एकदा मला म्हणाली, “आहेत हेच. पण मला परके वाटतात.” मला वाटले, मन दुखावले आहे म्हणून असे म्हणते.

मी १९७८ला व्हिसावर, विमानाने आलो. आल्याच्या पहिल्याच वर्षी अम्मीकडून मागून आणलेल्या फोटोतला डोंगर मोठा करून ट्रेसिंग पेपरवर गिरवला. माणसे जातात, झोपड्या जातात, डोंगराची रेघ कुठे जात नाही, एवढे मला माझ्या धंद्याने शिकवले होते. अब्बांची सावली कॅमेऱ्याकडे पडली होती. म्हणजे सूर्य त्यांच्या मागे, दक्षिणेला. समुद्र उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला. तेव्हा जागा रास अल खैमाच्या बाजूचीच असणार. जुनी माणसे सांगत की आपल्या लाँचा पूर्वेला, खोरफक्कानकडे लागत. मी त्यांना सावलीचे गणित समजावून गप्प करायचो. एकदा खोरफक्कानलाही जाऊन आलो. तिथे समुद्र उलट्या हाताला होता. परत गेलो नाही.

राजन, माझ्या ऑफिसातला केरळचा सर्व्हेअर, त्याच्या गाडीतून मला शुक्रवारी न्यायचा. पंचेचाळीस वर्षांत रास अल खैमाचा एकही डोंगर आम्ही सोडला नाही. १९९८ला अम्मी गेली. त्यानंतर मी फक्त सवयीने जात होतो.

जानेवारी २०२३मध्ये झारा अबुधाबीहून माझ्याकडे राहायला आली होती. रुहानचे घर अल रीम आयलंडवर एकतिसाव्या मजल्यावर, तिथे तिला म्हणे अभ्यास होत नाही. वय सतरा. तिने टेबलावरचा फोटो उचलला, भिंगाखाली धरला आणि म्हणाली, “दादाजान, व्हाय इज हिज पॉकेट ऑन द राँग साइड?”

मी पाहिले. सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर होता. बटणेही उलटी होती.

“इट्स फ्लिप्ड,” ती म्हणाली. “निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय.”

मी १९७८चा ट्रेसिंग पेपर काढला, पिवळा पडलेला, आणि टेबलावर पालथा घातला. एवढेच करायचे होते. कागद पारदर्शक होता. खरी रेघ पंचेचाळीस वर्षे त्याच कागदाच्या मागून दिसत होती. अम्मी म्हणाली ते दुःखाचे बोलणे नव्हते. तिच्या नवऱ्याच्या डाव्या भुवईवरचा व्रण फोटोत उजव्या भुवईवर आला होता. तिच्या डोळ्यांनी चूक पकडली होती, नाव तेवढे देता आले नाही. मी मात्र खिसा कधी पाहिलाच नाही, कारण मी डोंगर बघत होतो.

दुसऱ्या शनिवारी राजन, झारा आणि मी खोरफक्कानला गेलो, तिथून किनाऱ्याने उत्तरेला. झारा कागद काचेला लावून धरत होती. एका पेट्रोल पंपापुढे, खजुराच्या रोपांच्या नर्सरीशेजारी, तिने राजनला थांबायला सांगितले. आम्ही उतरून दक्षिणेकडे तोंड केले. समुद्र डाव्या हाताला. मी कागद आभाळावर धरला आणि दोन पावले मागे सरकलो. सुळक्यावर सुळका आला. खाचेत खाच बसली. मग पूर्ण रेघ डोंगरावर अशी बसली की कागदावरची शाई दिसेनाशी झाली.

माझ्या आयुष्यात मी मक्का पाहिली आहे. तिथे जसे पाय जमिनीत रुतले तसे त्या पंपाजवळ रुतले. राजनने टोपी काढली. जिथे कॅमेरा होता तिथे मी होतो, आणि वीस पावलांवर, जिथे आता टायरमध्ये हवा भरतात, तिथे माझे अब्बा उभे होते.

पंपाच्या कॅफेटेरियातला माणूस राजनच्या गावाकडचा निघाला. त्याने चहा दिला, फोटो पाहिला आणि कोणाला तरी फोन लावला. अर्ध्या तासाने एक गाडी आली. मागे वयस्क बाई बसली होती. तिचे नाव मरियम, वय माझ्याइतकेच. जुन्या इमाराती लोकांसारखी तिला हिंदी येत होती. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. झोपडीवर बोट ठेवले.

“ये मेरी माँ का घर है,” ती म्हणाली. मग अब्बांवर बोट ठेवले. “और ये यूसुफ है. पानी खींचता था.”

मी नाव सांगितले नव्हते. फोटोवरही नाव नाही.

पुढचे तिने सांगितले तसे लिहितो. त्या वस्तीत बारा घरे आणि एक गोड्या पाण्याची विहीर होती. दोन हिंदी माणसे समुद्रातून आली, रहाटावर कामाला राहिली. पाण्याचा साठा मोजायला आलेल्या एका गोऱ्याने सगळ्यांचे फोटो काढले. महिन्या-दोन महिन्यांनी यूसुफला ताप चढला. दुसरा, लहान होता तो, औषध आणतो म्हणून उंटवाल्यांबरोबर दुबईला निघाला. मरियमची आई यूसुफच्या कपाळावर ओली फडकी ठेवायची आणि सारखी वाटेकडे बघायची. तो आला नाही. शेवटपर्यंत घरी जायचे म्हणत बकरीदच्या आदल्या आठवड्यात यूसुफ गेला. मी नंतर हिशेब लावला: मार्च १९६७. खलाशाचे पाकीट आमच्या दारी पोचले तेव्हा अब्बांना जाऊन महिना झाला होता.

मरियमने आम्हाला कबरस्तानात नेले. तिकडच्या रिवाजाने कबरींवर नाव नसते, नुसते दगड. ती सरळ चालत गेली आणि एका जागी थांबली. उशाला दोरीने घासून खाचा पडलेला दगड होता, विहिरीच्या काठचा. तिच्या आईने लावला होता. म्हणाली, “माँ बोलती थी, इसका कोई आएगा, उसको पहचान होनी चाहिए.”

मी त्या खाचांत बोटे घातली. फातिहा पढताना मला कळले की माझा मुलगा आज माझ्या वडिलांपेक्षा मोठा आहे.

तर व्यवस्था अशी: मूळ फोटो मरियम हिला, ती हयात नसल्यास तिच्या मुलाला द्यावा. रुहानचा याला विरोध आहे. तो म्हणाला, “अब्बा, आपल्याकडे त्यांचा हा एकच फोटो आहे. कॉपी द्या की.” मी त्याला सांगितले, त्यांच्याकडे त्या वस्तीचा एकही नाही. रस्ता झाला, सरकारी घरे मिळाली, झोपड्या पाडल्या, विहीर बुजली. तिच्या आईने आपल्या माणसाला जागा दिली, आपण तिच्या घराला कागद द्यावा. नक्कल आपण ठेवावी, सुलट छापलेली.

४. गावचे घर व परसू रुहानकडे जाईल. परसातून विहिरीकडे जाणारी वाट मी २०११मध्ये भिंत घालून हमदुल्लाचाचांच्या घराला बंद केली आणि ती कधी उघडू नये असे जुन्या मृत्युपत्राच्या सहाव्या कलमात लिहिले. ती भिंत पाडावी. चाचा २००९ला वारले, मी मय्यतीला गेलो नाही. मरियमला भेटून आल्यावर पहिले कित्येक दिवस माझा राग दुप्पट झाला होता. मग त्यांच्या मुलीने फोनवर सांगितले की शेवटच्या आजारात ते घरात कोणी गोळी पुढे केली की तोंड फिरवायचे आणि औषध वेळेत आणले का, एवढेच पुन्हा पुन्हा विचारायचे. एकोणीस वर्षांचा, कागद नसलेला, पकडला जाईन म्हणून घाबरलेला. दुसरे घर केले हे खोटे त्यांना मेला म्हणण्यापेक्षा सोपे वाटले असावे. मी माफ केले असे लिहीत नाही, तो हक्क अम्मीचा होता. पण वाट उघडावी.

५. मला मरण इथे आले तर इथेच दफन करावे, गावी आले तर गावी. अब्बांच्या शेजारी जागा मागू नये. ते कबरस्तान भरले आहे आणि तिथल्या लोकांनी आधीच पुष्कळ दिले आहे.

६. हे कलम शेवटी असले तरी रुहानने अंमल यापासून सुरू करावा. माझा अंत्यविधी झाल्यावर मिळेल त्या पहिल्या विमानाने गावी जावे. जमातीच्या १९६९च्या रजिस्टरात माझ्या अम्मीच्या नावापुढे “नवऱ्याने टाकलेली” असे लिहिले आहे. मी दोनदा अर्ज केला. म्हणतात, जुन्या वहीत खाडाखोड होत नाही. मरियमचा अंगठा असलेला अरबी जबाब व त्याचा मराठी तर्जुमा या मृत्युपत्रासोबत जोडला आहे. खाडाखोड करू नये. शेजारच्या कोऱ्या जागेत शाईने, सर्वांसमक्ष, मोठ्याने वाचत, एवढेच लिहून घ्यावे:

“यूसुफ सरगुरोह, मार्च १९६७ मध्ये खोरफक्कानच्या उत्तरेस तापाने वारले. अखेरपर्यंत घरी परतायचे म्हणत होते. मैमुनाबी ही त्यांची विधवा.”

वरील सर्व मी वाचून, समजून, माझ्या खुशीने सही केली.

ठिकाण : शारजा
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) अहमद यूसुफ सरगुरोह

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही व ज्यांच्यासमोर सही झाली :

१. (सही) राजन नायर, निवृत्त सर्व्हेअर, अजमान. मराठी मला वाचता येत नाही. अहमदभाईंनी संपूर्ण हिंदीत वाचून दाखवले. कलम तीनमधल्या जागेवर मी स्वतः हजर होतो.

२. (सही) अनिल देवरुखकर, शेजारी, फ्लॅट ६०४.