पाजणीच्या पट्टीवर चढवायची नावे

मी, जागेश्वर लहानूजी धकाते, वय चौपन्न, धंदा मोटार वाइंडिंग, शिक्षण आठवी व पुढचे स्वतःचे स्वतः, राहणार विणकरटोली, जिल्हा नागपूर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दडपण कोणाचे नाही. आले ते हे लिहू नये म्हणून आले.

१. राहते घर पत्नी चंद्रकला हिच्या एकटीच्या नावे. वडिलांचा हातमाग तिने विकू नये, सरपणात घालू नये. त्यावर पापड वाळवते, ते खुशाल वाळवावेत.

२. वाइंडिंगचे मशीन व सर्व अवजारे मुलगी काजल हिला. लहानपणी आईजवळ बसून मी मागासाठी सुताच्या कांड्या भरत असे. तोच हात पुढे तांब्याच्या तारेवर चालला. काजलचा हात माझ्याहून हलका आहे.

३. टोलीमागची पाजणीची पट्टी, वीस आर. हे कलम सावकाश वाचावे.

पाजणी म्हणजे ताण्याला, मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावणे. सकाळी एकाचा ताणा पसरला की सगळी टोली कुंचे घेऊन हजर. ताणा कोणाचा, हे कोणी विचारत नसे. खळीचा आंबूस वास, उन्हात पांढरेशुभ्र सूत, आणि शेजारच्या रुपरावच्या आईच्या शिव्या. गल्लीला वळण असल्याने ताणा सरळ बसेना, म्हणून वडिलांनी ही पट्टी सगळ्यांसाठी घेतली. कागद मात्र त्यांच्याच नावे झाला. मग कोळसा धुण्याचा कारखाना आला, सुतावर काळी भुकटी बसू लागली, माग थांबले.

आता कारखान्याच्या पर्यावरण निधीचा नियम असा, की सातबाऱ्यावर नाव असेल तोच बाधित. म्हणून अख्ख्या टोलीत बाधित मी एकटा. पाणी शुद्ध करायचे यंत्र माझ्या घरी, फिरता दवाखाना माझ्या दारी. रुपराव भिंतीपलीकडे खोकतो, तो बाधित नाही. ग्रामसभेत हे बोललो तर शेतवाले नानाजी म्हणाले, "तुले भेटून राहिलं न गा? मंग काहून बोंबलून राहिला?" सातबारा त्यांचाही आहे, पण ते राहतात नागपुरात धरमपेठेत, निधीपुरते गाडीने येतात. त्यांना माझ्या छतावरची डबाभर भुकटी पोचती करावी.

सदर पट्टी मी टोलीतील प्रत्येक घरच्या कर्त्या स्त्री-पुरुषांना सामाईक देतो. तुकडे पाडू नयेत, फक्त नावे चढवावीत. हयातीतच द्यायची तर बक्षीसपत्राचा खर्च झेपत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही.

हे ऐकून चंद्रकला म्हणाली, "म्हणजे टोलीनं तुमच्या मरणाची वाट पाहाची का?" उत्तर मला दोन दिवसांनी सुचले, ते पुढे.

४. माझ्या हयातीत नियम बदलून सगळी टोली बाधितांत धरली गेली, तर कलम तीन रद्द समजावे व पट्टी मुलगा भूपेश याला जावी. तो विचारत होता, "बाबा, मले काय ठेवून राहिले?" हेच ठेवले आहे. कचेरीत जा, नियम बदलव, पट्टी घे. मला जायची घाई नाही. तू कर.

साक्षीदार टोलीतला घेतला नाही. ज्याला मिळायचे त्याने सही करू नये.

१. चंद्रभान गुप्ता, कापड दुकान, गांधीबाग (वडिलांनी विणलेली लुगडी हेच विकत घेत)
२. मयुरा बांगरे, परिचारिका, फिरता दवाखाना

सही: जागेश्वर लहानूजी धकाते
नागपूर, ९ डिसेंबर २०२४