सातव्या होलवरचा ओक

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. आईला एवढंच वाचून दाखवा.

जुन्या जमीनदाराच्या बागेत आम्ही गोल्फचं मैदान आखतोय ना, तिथे सातव्या होलची वाट एका जुन्या ओकला वळसा घालून जाणार होती. ते वळण मीच काढलं होतं. पाखरांच्या विणीसाठी मार्चपासून झाडतोड बंद होते, त्याआधी उरकायची घाई, म्हणून ओक चुकून तुटू नये यासाठी मी बुंध्याला लाल कडं काढलं. तुम्ही तुमच्या जंगलात शिकवलंत तसंच: तिरका पट्टा म्हणजे तोडायचं, कडं म्हणजे राखायचं.

काल सकाळी जाऊन बघते तर ओक आडवा!

मुकादम योर्ग म्हणाला, "बाई, कडं तूच काढलंस. आमच्याकडे कडं म्हणजे तोडायचं. आधी विचारायला काय झालं होतं?"

नोकरी गेलीच असं मी धरून चालले. मैदानाचा आराखडा करणारे माझे वरिष्ठ लोमानसाहेब आले, खुंटावर चढले, बराच वेळ समोर बघत राहिले. मग म्हणाले, "शाबास विब्के! आता होलवरचा झेंडा लांबूनही सरळ दिसेल. ते वळण नकोच होतं." आणि सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

बाबा, हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्याकडे अजून कडं म्हणजे राखायचंच ना? तेवढं लिहा.

खुंटावरची वर्षांची वर्तुळं मी बाहेरून आत मोजायला घेतली. माझी एकतीस वर्षं चार बोटांच्या रुंदीत संपली. पुढे मोजवेना.

तुमचीच,
विब्के