व एक मेंढपाळ

ता. ९ फेब्रुवारी १९३६, रविवार
बऱ्याच दिवसांनी सौ.ला घेऊन तलावापलीकडच्या टेकडीवर. वरून सगळं पाणी दिसतं, गिरण्यांची धुराडी दिसतात. निम्मं सोलापूर तिथं हवा खायला येतं. भाकरी, शेंगाचटणी, सगळं थाटात. पण त्या दगडाकडे जायला नको होतं.

गेल्या साली विमान इथंच कोसळलं. चालवणारा साहेब गेला, आणि खाली मेंढरं चारणारा धनगरही. साहेबाच्या मंडळींनी दगड बसवला. वर इंग्रजी, खाली मराठी. मराठी मजकूर मामलेदार कचेरीकडून, म्हणजे माझा! साहेबाचं नाव, हुद्दा, गाव, आणि शेवटी ‘व एक मेंढपाळ’.

दगडापुढे त्या धनगराची बायको बसलेली. सुंदराबाई. कडेला शेंदूर लावत होती. कोट-टोपीवरून मी कचेरीतला हे ओळखून उठली. “मालकाचं नाव हितं हाय म्हनत्यात. कंचं ते दावा की, सायेब. मला अक्षर कळत न्हाय.”

मी ‘एक मेंढपाळ’वर बोट ठेवलं. “हे.”

तिनं तिथं शेंदूर लावला, डोकं टेकलं. सौ.ला वाचता येतं. परतताना टांग्यात ती माझ्याकडे पाठ करून बसली.

ता. १०, सोमवार
कचेरीत जुना पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात. ‘बिरा सिद्दू, वय अजमासे तीस, धंदा मेंढरं.’

आठवतं सगळं. मजकूर करायच्या दिवशी रावसाहेबांनी (आमचे मामलेदार) विचारलं होतं, “त्या धनगराचं नाव काय?” दप्तर वरच्या फळीवर, पाच वाजून गेलेले, शिडी आणणं जिवावर आलेलं. म्हटलं, “नोंद नाही, रावसाहेब.” झालं. एका शिडीचा कंटाळा! आज तीच शिडी निमूट आणली. स्वतःची शरम वाटते.

ता. १६, रविवार
टेकडीवर गेलो नाही. सौ. म्हणाली, “ती असेल आज तिथं.” म्हटलं, असेल. तर म्हणे, “शेंदूर लावत असेल.” भात तसाच टाकून उठलो. तिच्यावर उगाच ओरडलो. तिचं काय चुकलं होतं?

ता. २०, गुरुवार
सुंदराबाई कचेरीत! सोबत माढ्याकडचा भाऊ, मायाप्पा. चार बुकं शिकलेला. सगळ्या कारकुनांदेखत म्हणाली, “ह्यो म्हनतो, नाव न्हाय तितं. मी म्हनलं, तुला नीट वाचाय येत न्हाय. कचेरीतल्या सायबानं सोता दावलंय. सांगा की ह्याला.”

मायाप्पा माझ्याकडे रोखून बघत होता. तो सगळं ओळखून होता. मी कसंबसं म्हटलं, “रविवारी टेकडीवर येतो. तिथंच सांगतो.”

“बघ,” ती भावाला म्हणाली. जाताना मला हात जोडले. ते हात... नको.

ता. २२, शनिवार
हिय्या केला. रावसाहेबांना खरं सांगितलं, अर्ज पुढे ठेवला. नाव दगडावर कोरावं, चूक सर्वस्वी माझी. त्यांनी वाचून चष्मा काढला.

“तुमची अव्वल कारकुनाच्या जागेसाठीची शिफारस परवाच वर गेली आहे. हा कागद गेला की ती परत येईल. दगड तरीही आहे तसाच राहील. सोमवारपर्यंत विचार करा.”

अर्ज माझ्याकडे सरकवला. मी उचलला नाही. पण ‘पाठवा’ असंही तोंडातून निघेना. टेबलावर तसाच ठेवून आलो. बारा वर्षं त्या जागेची वाट पाहतो आहे, खोटं कशाला लिहू.

सौ. म्हणाली, “रावसाहेबांचं सोमवारी बघा. तिला उद्याच सांगा.”

ता. २३, रविवार
एकटाच गेलो. बहीणभाऊ आधीच येऊन बसलेले. बसा म्हणाली, बसलो नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. “बाई, मी तुम्हाला खोटं सांगितलं. हे तुमच्या मालकाचं नाव नाही. नुसतं ‘एक मेंढपाळ’ लिहिलंय. नाव माझ्याच दप्तरात होतं. लिहिणारा मीच.”

“ऐकलंस?” मायाप्पा म्हणाला.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती पदराचं टोक घेऊन त्या अक्षरांवरचा शेंदूर पुसायला लागली. तेलात कालवलेला, निघेना. खाचांत बसलेला. तरी घासत राहिली. मायाप्पानं हात धरला तेव्हा थांबली.

मी अर्जाचं बोलायला लागलो. उद्या बघतो, वर पाठवायचा विचार आहे, वगैरे. माझं मलाच ऐकवेना.

आज आणलेला शेंदूर तिच्या तळहातावर तसाच होता. तिनं दगड वरपासून खालपर्यंत न्याहाळला, इंग्रजीसुद्धा. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात,

“मग ह्यो कुटं लावू, सायेब?”