ऑइलचं झाकण

मंगळवार, तलासरी

शी! स्वतःचीच किळस आली आज. काल वरोरच्या मावशी मासळीचा टेम्पो घेऊन गॅरेजला आल्या. "भाऊ, इंजिन जड चालतंय. ऑइलचं झाकण खोलून बघा ना." पण टेम्पोतून मासळीचं पाणी ठिबकत होतं. मी नाकाला रुमाल लावला, स्टिअरिंगखाली बिघाड दाखवणारा स्कॅनर जोडला. एकही फॉल्ट नाही. "गाडी ओके आहे, मावशी." झाकण उघडलंच नाही.

आज अच्छाडला त्याच टेम्पोचं इंजिन जाम झालं. तिथे जाऊन झाकण उघडलं. ऑइलमध्ये पाणी शिरून पार ताक झालेलं. हे स्कॅनरला दिसत नाही, मला काय माहीत नव्हतं? नुसतं झाकण फिरवायचं होतं!

मावशी खराब झालेली मासळी फेकत होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "रुमाल लावा भाऊ, आज वास जास्त आहे."