लुधियान्याची वीतभर सावली

मी, सुलेखा कडुबा दाभाडे, वय ७१, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. शरीर खंगले आहे, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मे महिना दिसणे अवघड, असेही त्यांनीच सांगितले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. राहते घर गच्चीसह माझा एकुलता मुलगा प्रणय, सध्या राहणार लुधियाना, यास द्यावे. तो ते विकणार, हे मला ठाऊक आहे. विकू दे.

२. बँकेतील बचत व कानातले शेजारच्या अपेक्षा खरात हिला. ती माझी जुनी विद्यार्थिनी. आजारपणात तिनेच माझे सगळे केले, तेव्हा कोणी हरकत घेऊ नये.

३. शाळेने निरोप देताना दिलेला पृथ्वीगोल नणंदेचा मुलगा अतुल याला. मोबाइलवर व्हिडिओ पाहून तो मला घरी येऊन शिकवतो, "मामी, पृथ्वी गोल असती तर पाणी सांडलं नसतं का?" गोल त्याने टीव्हीशेजारी ठेवावा व रोज पुसावा.

४. गच्चीवरील मीटरभर लांबीची सळई. हिच्याबद्दल सविस्तर लिहावे लागेल. मे महिन्यात एका दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि इथे उभ्या सळईची सावली नाहीशी होते. लुधियाना इथून जवळजवळ सरळ उत्तरेला. तिथे त्याच दुपारी तेवढ्याच सळईची वीतभर सावली पडते. ती मोजली की कोन कळतो, आणि दोन गावांमधले अंतर धरले की पृथ्वीचा घेर निघतो. एकट्याने हे होत नाही. दुसऱ्या टोकाला कोणालातरी उन्हात उभे राहावे लागते. प्रणय नोकरीसाठी निघाला तेव्हा मला रडू आवरेना. त्यानेच म्हटले, "आई, आता आपण दोघं पृथ्वी मोजू."

पहिल्या वर्षी अंतर माझे पती कालकथित कडुबा यांनी सांगितले. ते रेल्वेत होते, त्यांनी रेल्वेचेच किलोमीटर दिले. गाडी मनमाडचा वळसा घेते, हे तिघेही विसरलो. "पृथ्वी लई फुगली की गं!" म्हणत ते गच्चीवर हसत बसले. पुढे नकाशावरचे अंतर घेतले, तरी कधी सळई कललेली, कधी पट्टी सरकलेली. ते चुकणे मला फार आवडायचे.

कडुबा गेल्यावर प्रणयचे आकडे सुधारले. घेर थेट पुस्तकातल्यासारखा येऊ लागला. हाताने मोजलेली सावली दरवर्षी इतकी बिनचूक नसते. गेल्या मेमध्ये मी फोनवर विचारले, "ऊन कसं होतं रे?"

"लई कडक, आई. डोकं भणभणलं."

बातम्यांत लुधियान्याला दिवसभर पाऊस दाखवत होते. आकडा त्याने फोनमधल्या कुठल्याशा ॲपवरून काढला होता. मी "बरं" म्हणाले. कडुबा गेल्यापासून मी गच्चीवर एकटीच उभी होते, हे तेव्हा कळले. त्याचे फार वाईट वाटले, अजून वाटते.

अपेक्षा म्हणते, "बाई, एकदाचं बोलून टाका की त्याला." काय बोलू? घरासाठी अट घातली तर तो उन्हात उभा राहीलही. तसा उभा राहिलेला मला नको.

मे संपला की सळई भंगारात द्यावी.

५. हे मृत्युपत्र वकील संघपाल सोनवणे यांनी अमलात आणावे, पण मे संपेपर्यंत प्रणयला दाखवू नये. वाचले तर तो चुकासुद्धा ॲपवरून काढील.

६. माझा मोबाइल अपेक्षाने तोवर चालू ठेवावा. आई नसताना आकडा पाठवण्याचे त्याला काही कारण नाही, आणि तो पाठवील असे मला वाटत नाही. आलाच आणि बिनचूक असला, तर उत्तर देऊ नये. चुकलेला असला, तर कळवावे की आईला असाच हवा होता.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली आहे.

सही: सुलेखा कडुबा दाभाडे

साक्षीदार:
१. ॲड. संघपाल सोनवणे
२. डॉ. तनुजा काळे

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १७ एप्रिल २०२५